लग्नाच्या कॅसेटची सीडी करावी की डीव्हीडी?

गेल्या वर्षावासातली गोष्ट. रविवारची सामुदायिक वंदना झाली, ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे त्या दिवशीचे वाचन झाले आणि मंडळी विहाराच्या ओट्यावर बोलत बसली. तेवढ्यात शेजारच्या वस्तीतल्या एक मावशी पिशवी घेऊन आमच्याजवळ आल्या. पिशवीत जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली एक व्हिडिओ कॅसेट होती. मावशी म्हणाल्या, “भाऊ, हे चालते का पाहा ना जी. पोराच्या लग्नाची हाय. त्याच्यात माह्या मामाजीचं भाषण हाय.”

मावशींचे सासरे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला होते. प.पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखोंच्या समुदायाला धम्मदीक्षा दिली, त्या समुदायात हा विशीतला शेतमजूर उभा होता. पुढे १९९८ साली नातवाच्या मंगल परिणयात कुणीतरी त्यांच्या हाती माईक दिला आणि त्यांनी त्या दिवसाची हकिकत दहा-बारा मिनिटे सांगितली. चार वर्षांनी ते गेले. घरात त्यांचा एक फोटो आहे, पण आवाज फक्त त्या कॅसेटमध्ये आहे. मावशी यवतमाळला तीन दुकाने फिरून आल्या होत्या. एकाने सांगितले, सीडी करून देतो. दुसरा म्हणाला, सीडी नको, डीव्हीडीच करा. तिसरा म्हणाला, आजी, आता हे कोण पाहते, पेन ड्राइव्ह आणा. मावशी गोंधळून गेल्या आणि कॅसेट परत घेऊन आल्या.

असा गोंधळ आपल्या अनेक घरांत असेल. पुसदपासून वणीपर्यंत, उमरखेडपासून नेरपर्यंत कितीतरी घरांच्या पेटीत, फळीवर, दिवाणाच्या खाली अशा कॅसेट पडून आहेत. म्हणून या विषयावर जे आम्ही शिकलो, आणि काही चुका करून शिकलो, ते येथे मांडत आहोत.

आमची चूक

प्रथम आमचीच चूक सांगतो. १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते दीक्षाभूमीवरील स्तूपाचे उद्घाटन झाले. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. वस्तीतल्या लोकांनी वर्गणी काढून गाडी केली आणि एकाने भाड्याने कॅमेरा आणला. गाडीतली गाणी, रस्त्यात सोडलेली शिदोरी, आयाबायांच्या पांढऱ्या साड्या, पोरांच्या हातातले निळे आणि पंचशील ध्वज, सारे त्यात आले होते. पुढे २००५ साली एका दुकानातून त्याची सीडी करून घेतली. सर्वांनी मिळून एकदा पाहिली, टाळ्या वाजवल्या, आणि आता सीडी झाली म्हणून ती कॅसेट दुसऱ्या कार्यक्रमाच्या शूटिंगला देऊन टाकली.

चौदा वर्षांनी, २०१९ साली, महिला मंडळाच्या कार्यक्रमात ती सीडी लावावी असे ठरले. डब्यातून काढली तर वरचा चंदेरी थर खवल्यांसारखा सुटत होता. तीन यंत्रांत घालून पाहिली, एकानेही ती घेतली नाही. त्या गाडीतली निम्मी माणसे आता हयात नाहीत. दुकानदाराने स्वस्तातली डिस्क वापरली हे खरे, पण मूळ कॅसेट हातची घालवण्याचा निर्णय आमचा होता. एकच प्रत ठेवण्याचा आळसही आमचाच होता. कचेरीत साध्या पत्राचीसुद्धा स्थळप्रत ठेवणाऱ्या आम्हाला वस्तीच्या आठवणींची दुसरी प्रत ठेवावी हे सुचले नाही.

आपला इतिहास पेटीत आहे

कुणी म्हणेल, लग्नाच्या कॅसेटचे एवढे काय? त्यांनी एक गोष्ट आठवावी. बाबासाहेबांचे ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत महापरिनिर्वाण झाले आणि ७ डिसेंबरला मुंबईत अंत्ययात्रा निघाली. त्या जनसागराचे चलच्चित्र आज आपण पाहू शकतो, ते नामदेव व्हटकर यांच्यामुळे. त्यांनी पदराला खार लावून ते चित्रीकरण केले. त्यांना ते सुचले नसते, किंवा तेव्हाची फिल्म कुणी जपली नसती, तर पुढच्या पिढ्यांना तो दिवस केवळ वाचूनच कळला असता.

राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटात आणि बखरींत राहिला. आपल्या आजोबा-आजींचा इतिहास लिहायला कुणी बसले नव्हते. गावातली पहिली जयंती कशी निघाली, पहिला मंगल परिणय बौद्ध पद्धतीने कसा लागला, विहाराची पहिली वीट कुणी ठेवली, हे सांगणारी माणसे १९९० नंतरच्या कॅसेटमध्ये बोलताना दिसतात. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ साली, गावोगावी मिरवणुका निघाल्या. त्यांतल्या काहींचे शूटिंग झाले. कुठे वामनदादा कर्डकांचा कार्यक्रम कुणी घरच्या कॅमेऱ्याने टिपला असेल. वामनदादा २००४ साली गेले. असे काही घरात असेल तर ते घरापुरते राहत नाही, साऱ्या समाजाचे धन होते.

आधी कॅसेट सांभाळा

डिस्क कोणती घ्यावी याआधी कॅसेट कशी आहे ते पाहावे. आपल्याकडच्या बहुतेक कॅसेट व्हीएचएस प्रकारच्या आहेत. ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणली. कॅसेटमधली अर्धा इंच रुंदीची फीत प्लॅस्टिकची असते आणि तिच्यावर चुंबकीय थर असतो. चित्र आणि आवाज त्या थरात असतात. काळाने हा थर आणि त्याला धरून ठेवणारा चिकट भाग दोन्ही कमजोर होतात. म्हणजे पेटीत बंद असलेली कॅसेटही हळूहळू झिजतच असते.

कॅसेटच्या काचेतून फितीच्या कडेकडे उजेडात पाहावे. पांढरे ठिपके किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे असे समजावे. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या घरांत ही हमखास होते. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नये. फीत तुटू शकते, आणि यंत्राच्या हेडला लागलेली बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. ती जाणकाराकडून आधी साफ करून घ्यावी. कॅसेट चांगली असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटलेली फीत मोकळी होते आणि ताण सारखा होतो. कॅसेटच्या पाठीच्या कडेला प्लॅस्टिकची एक लहान खिटी असते. ती तोडून टाकावी. खिटी तुटली की त्या कॅसेटवर चुकून दुसरे काही रेकॉर्ड होत नाही.

घाई का करायची, तेही सांगतो. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. नवे व्हीसीआर बनवणारी ती शेवटची कंपनी मानली जाते. आता जी यंत्रे आहेत ती जुनी, दुरुस्त केलेली आहेत. यंत्र गेले की कॅसेट चांगली असूनही मुकी होईल.

सीडी, डीव्हीडी आणि त्यांचे भाऊबंद

कोऱ्या डिस्कमध्ये एक रंगद्रव्याचा थर असतो. राइटरमधला लेसर किरण त्या थरावर बारीक ठिपके भाजतो आणि मागच्या चकाकणाऱ्या थरामुळे ते वाचता येतात. दुकानातून विकत मिळणाऱ्या सिनेमाच्या डिस्कवर ठिपके साच्याने दाबलेले असतात, म्हणून ती जास्त टिकते. आपण घरी किंवा दुकानात लिहून घेतो ती डिस्क रंगाच्या भरवशावर असते. रंग उन्हाने आणि उष्णतेने विटतो. हे लक्षात ठेवले की पुढचा सारा हिशेब सोपा होतो.

सीडी-आर : हिच्यात ७०० एमबी मावते. व्हीसीडी पद्धतीने लिहिली तर सुमारे ८० मिनिटांचे चित्र बसते. तीन तासांच्या लग्नाला तीन सीडी लागतात. व्हीसीडीचे चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते, म्हणजे डीव्हीडीच्या चित्राच्या एक चतुर्थांश. पळापळीच्या दृश्यात, मिरवणुकीत, नाचात चौकोन चौकोन दिसू लागतात. शिवाय सीडीचा चकाकणारा थर वरच्या बाजूला, नाव लिहितो त्या पातळ वार्निशच्या लगेच खाली असतो. तिथे ओरखडा गेला किंवा बॉलपेनने जोर देऊन लिहिले तर चित्रच जाते. आमच्या सीडीचे खवले निघाले ते याच बाजूने. म्हणून जपून ठेवण्यासाठी व्हीसीडी करू नये.

डीव्हीडी-आर आणि डीव्हीडी+आर : दोन्हीत ४.७ जीबी मावते. संगणक तीच जागा सुमारे ४.३७ दाखवतो, तेव्हा दुकानदाराने फसवले असे समजू नये, मोजण्याची रीत वेगळी आहे. डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे असते. तिचा चकाकणारा थर दोन पारदर्शक चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे वरून ओरखडे गेले तरी सीडीइतका धोका नाही.

मग वजा आर की अधिक आर? वजा आर ही पायोनियर कंपनीने १९९७ साली आणली, अधिक आर दुसऱ्या कंपन्यांच्या गटाने २००२ साली. दर्जात आणि टिकण्यात नावामुळे फरक पडत नाही. फरक एवढाच की घराघरांतले जुने डीव्हीडी प्लेअर वजा आर अधिक सहज घेतात, काही जुनी यंत्रे अधिक आर ओळखत नाहीत. गावी आजीकडे जुना प्लेअर असेल, बहिणीला पाठवायची असेल, तर डीव्हीडी-आर घ्यावी. संगणकावरच पाहायची असेल तर कोणतीही चालेल.

आरडब्ल्यू डिस्क : ही पुसून पुन्हा लिहिता येते, सुमारे एक हजार वेळा. आपल्यासारख्या काटकसरीच्या घराला याचा मोह होतो. पण जे पुसता येते ते चुकून पुसलेही जाते. सरावासाठी, नमुना पाहण्यासाठी ती चांगली, ठेवा जपण्यासाठी मुळीच नव्हे. डीव्हीडी-रॅम नावाचा आणखी एक प्रकार आहे. तो टिकाऊ असला तरी बहुतेक घरगुती प्लेअर त्याला ओळखत नाहीत.

दोन थरांची डीव्हीडी : हिच्यात ८.५ जीबी मावते, म्हणजे तीन तासांची कॅसेट एकाच डिस्कवर चांगल्या दर्जाने येते. पण ती महाग आहे, लिहिताना बिघडण्याचा संभव जास्त आहे आणि जुने प्लेअर थर बदलताना अडतात. त्यापेक्षा साध्या दोन डिस्क बऱ्या.

ब्लू-रे : २५ आणि ५० जीबीची डिस्क. व्हीएचएसच्या कॅसेटमध्ये मुळातच चित्र कमी तपशिलाचे असते, ब्लू-रेवर टाकल्याने ते सुधारत नाही. मात्र अनेक कॅसेटच्या फाइल एकत्र साठवायला तिचा उपयोग होतो. तिच्या साध्या प्रकारात रंगद्रव्याऐवजी अजैविक थर असतो, तो अधिक टिकतो. ‘एलटीएच’ असे लिहिलेली घेऊ नये, तिच्यात पुन्हा रंगद्रव्यच असते.

एम-डिस्क : हिचा थर दगडासारख्या अजैविक पदार्थाचा असतो आणि ती हजार वर्षे टिकते असा बनवणाऱ्यांचा दावा आहे. हजार वर्षे कुणी पाहिली? पण उन्हाने विटणारा रंग तिच्यात नाही, एवढे नक्की. डीव्हीडी आकाराची एम-डिस्क लिहायला तसाच खास राइटर लागतो, लिहून झाल्यावर मात्र ती साध्या डीव्हीडी यंत्रात वाचली जाते. दीक्षेच्या साक्षीदारासारखी एखादी अमोल गोष्ट असेल आणि सोय होत असेल तर हा खर्च करावा.

ज्यांच्याकडे छोट्या डिस्कचा हँडीकॅम आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावे. ती आठ सेंटिमीटरची डिस्क त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइज’ केल्याशिवाय दुसऱ्या यंत्रात सहसा चालत नाही. कॅमेरा बिघडण्याआधी, भंगारात देण्याआधी एवढे काम करून घ्यावे.

दुकानदाराला काय सांगायचे

कॅसेट देऊन ‘चांगली करून द्या’ एवढेच म्हणू नये. पुढील गोष्टी स्पष्ट सांगाव्यात, शक्य तर चिठ्ठीवर लिहून द्याव्यात.

एक : एका डीव्हीडीवर दोन तासांपेक्षा जास्त चित्र भरू नका. चार-सहा तास एकाच डिस्कवर बसवता येतात, पण त्यासाठी चित्र दाबावे लागते आणि चेहरे पुसट होतात. तीन तासांची कॅसेट असेल तर दोन डिस्कचे पैसे द्यावेत.

दोन : मूळ आवाज तसाच ठेवा. हे फार महत्त्वाचे आहे. पुष्कळ ठिकाणी हौसेने वरून सिनेमाचे गाणे टाकतात, फुलांचे आणि बदामांचे नक्षीकाम करतात. त्यात त्रिशरण-पंचशील, बौद्धाचार्यांचे बोलणे, वडीलधाऱ्यांचे भाषण, आईचे रडणे सारे दाबले जाते. रटाळ वाटणारी भाषणेही कापू देऊ नयेत. आज तीच अधिक मोलाची आहेत.

तीन : डिस्क फायनलाइज करा. ते केले नाही तर ती ज्या यंत्रात लिहिली तिथेच चालते आणि घरी आणल्यावर रिकामी दिसते.

चार : अगदी कमाल वेगाने लिहू नका. सोळा पट वेगाची डिस्क आठ पटीने लिहिली तर चुका कमी होतात. लिहिल्यावर संगणकाकडून तपासणी करून घ्या.

पाच : मूळ फाइलही द्या. डीव्हीडी सोबत तीच फाइल पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर घ्यावी. आणि कॅसेट परत घ्यावी. कॅसेट दुकानात सोडून येऊ नये.

घरी आणल्यावर डिस्क दोन वेगळ्या यंत्रांत लावून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहावा. नुसती सुरुवात पाहून डब्यात ठेवू नये. डिस्कच्या बाहेरच्या कडेला दोष जास्त असतात, आणि शेवटचा भाग तिथेच असतो.

डिस्क विकत घेतानाही पाहून घ्यावी. एके काळी नोएडाची मोझर बेअर कंपनी कोऱ्या डिस्क बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या कंपन्यांपैकी एक होती. तिच्या डिस्क आपल्या तालुक्याच्या दुकानांतही सहज मिळत. ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०१८ साली ती गुंडाळण्याचा आदेश झाला. म्हणून कोपऱ्यातल्या दुकानात आज जे मिळेल ते अनेक वर्षे पडून राहिलेले असू शकते. सुटी, बिननावाची, गठ्ठ्यातून काढून दिलेली डिस्क घेऊ नये. नावाजलेल्या कंपनीची, बंद पाकिटातली घ्यावी. दहा-वीस रुपये वाचवण्याची ही जागा नव्हे.

आपला उन्हाळा, आपली वीज

आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या छपराखालची फळी तर भट्टीच असते. डिस्क तिथे ठेवली तर कितीही महागाची असली तरी टिकणार नाही. टीव्हीच्या वर, खिडकीत, गाडीच्या काचेजवळ, चुलीच्या भिंतीला ठेवू नये. घरातली सर्वांत थंड, कोरडी आणि अंधारी जागा शोधावी, बहुधा ती आतल्या खोलीतल्या कपाटाचा खालचा खण असतो. डिस्क कठीण डबीत उभी ठेवावी, एकावर एक चळत लावू नये. प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटात वर्षानुवर्षे ठेवली तर ती चिकटते.

नाव लिहायचे तर मऊ टोकाच्या मार्करने, आणि मधल्या पारदर्शक कड्यावर लिहावे. कागदाचा स्टिकर चिकटवू नये. त्याने डिस्कचा तोल जातो आणि फिरताना ती थरथरते. धूळ पुसायची तर मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल पुसू नये. तिला बोट फक्त कडेला आणि मधल्या भोकाला लागावे.

विजेची गोष्टही सांगायला हवी. डीव्हीडी-आर लिहिताना मध्येच लाइट गेली की ती डिस्क कायमची वाया जाते. घरी लिहिणाऱ्यांनी इन्व्हर्टर किंवा बॅटरी भरलेला लॅपटॉप असल्याशिवाय काम सुरू करू नये.

डिस्क म्हणजे शेवट नव्हे

येथवर वाचून कुणाला वाटेल की चांगली डीव्हीडी-आर केली की काम संपले. तसे नाही. आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क घालायची जागाच नसते. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या ब्लू-रे डिस्क, मिनी-डिस्क आणि मिनी-डीव्ही कॅसेट बनवणे थांबवले. व्हीसीआर गेला तसा डिस्कचा प्लेअरही जाईल. म्हणजे डिस्क हा वाटेतला मुक्काम आहे.

तिसरा दुकानदार पेन ड्राइव्ह आणा म्हणाला, त्यात तथ्य होते, पण अर्धेच. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून एमपी४ फाइल पाहणे सोपे आहे. मात्र पेन ड्राइव्ह ही नेण्या-आणण्याची वस्तू आहे. अनेक वर्षे न लावता ठेवली तर तिच्यातले विजेचे भार हळूहळू झिरपतात, आणि एवढीशी वस्तू लेकराच्या खिशातूनही हरवते. फक्त तिच्यावर विसंबू नये. हार्ड डिस्क पडली की गेली. इंटरनेटवर ठेवले आणि पासवर्ड विसरला तरी तेच. शिवाय लग्नाच्या चित्रात लेकीसुनांचे चेहरे असतात, ते त्यांना विचारल्याशिवाय सर्वांना दिसेल असे टाकू नये.

मग जपावे तरी कशावर? या प्रश्नाचे उत्तर आपल्या धम्माच्या इतिहासात आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहात पहिली संगीती भरली आणि भिक्खूंनी बुद्धवचन एकत्र म्हटले. कित्येक शतके ते मुखाने मुखाला सांगितले गेले. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात ते लिहून काढले गेले. ताडपत्रे जीर्ण होत, तेव्हा नव्या ताडपत्रांवर नवी प्रत करत. पुढे बाराव्या शतकाच्या अखेरीस नालंदेचा विध्वंस झाला, तिथले ग्रंथ गेले. तरी पाली त्रिपिटक राहिले, कारण ते सिंहलद्वीपात, ब्रह्मदेशात, सयामात होते. संस्कृतातले कितीतरी ग्रंथ तिबेटी आणि चिनी भाषांतरांत राहिले. ताडपत्र काही अमर नव्हते. पुन्हा पुन्हा प्रत करणारे हात होते आणि प्रती दूर दूर होत्या, म्हणून धम्म आपल्यापर्यंत पोहोचला.

हाच नियम आपल्या घराला लावावा. किमान तीन प्रती असाव्यात. एक डीव्हीडी-आर किंवा एम-डिस्क, दुसरी हार्ड डिस्कवर फाइलच्या रूपात, आणि तिसरी दुसऱ्या गावी, मुलीच्या घरी किंवा पुण्या-मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाकडे. एका घराला आग लागली, पूर आला, तरी दुसरीकडची राहील. वर्षातून एकदा दिवस ठरवून साऱ्या प्रती लावून पाहाव्यात. आम्ही धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीचा रविवार ठरवला आहे. एखादी अडखळू लागली की लगेच चांगल्या प्रतीवरून नवी करावी. आणि दर पाच-सात वर्षांनी त्या काळात जे चालत असेल त्यावर उतरवून घ्यावे.

विहाराने मनावर घ्यावे

एका घराला हे जड वाटेल. पण वस्ती मिळून केले तर मुळीच जड नाही. एक चालू व्हीसीआर, एक जुना संगणक, कॅसेटचे चित्र संगणकात घेणारे छोटे यंत्र आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर एवढेच साहित्य लागते. आपली पोरे आता संगणक शिकली आहेत, त्यांना हे काम सहज जमते. विहार समितीने वर्गणीतून साहित्य घ्यावे आणि पाळीपाळीने घरोघरच्या कॅसेट उतरवाव्यात. कॅसेट जेवढ्या तासांची तेवढाच वेळ उतरवायला लागतो, म्हणून एका रविवारी दोनच घ्याव्यात, धांदल करू नये.

आणखी एक काम करावे. चित्रात कोण कोण आहे हे लिहून ठेवावे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जवळ बसवून कॅसेट दाखवावी आणि वहीत लिहावे : डाव्या हाताला फेटा बांधलेले ते कोण, माईकवर बोलतात ते कोणत्या गावचे, वर्ष कोणते. ही वही डिस्कच्या डबीबरोबर ठेवावी. वीस वर्षांनी डिस्क चालेल, पण ओळखणारे कुणी नसेल तर ती गर्दीच दिसेल.

मावशींची कॅसेट आम्ही चार रविवारांनी लावली. बुरशी नव्हती. सुरुवातीची पाच-सात मिनिटे चित्र उड्या मारत होते, नवरदेवाची वरात जवळजवळ दिसलीच नाही. मग मंडप दिसला, हॅलोजनच्या उजेडात पांढरे कपडे चमकले, आणि धोतर-सदऱ्यातले एक उंच म्हातारे माईकसमोर उभे राहिले. आवाज स्वच्छ होता. बापाने जाऊ नको म्हटले तरी कसे निघाले, भाकरी कशी संपली, पांढरा सदरा कुणाचा मागून घातला, आणि बाबासाहेबांच्या मागोमाग बावीस प्रतिज्ञा म्हणताना अंग कसे थरथरले, ते त्यांनी सांगितले. विहारात कुणी बोलले नाही. मावशी हात जोडून बसल्या होत्या. त्यांचा पणतू, पाचवीतला पोरगा, वहीत नावे लिहीत होता. मध्येच त्याने मावशींना विचारले, “आजी, सदरा कोणाचा होता?” मावशी म्हणाल्या, “शेजारच्या घरच्याचा. त्याईचा नातूच तं तिकडे बसला हाय.”

त्या कॅसेटच्या आज तीन प्रती आहेत. दोन डीव्हीडी-आर, त्यांतली एक मावशींकडे आणि एक विहाराच्या कपाटात, आणि फाइल पुण्याच्या नातवाकडे. मूळ कॅसेट पुन्हा त्याच लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवली आहे.

तथागतांनी अनित्यता शिकवली आणि अखेरचा उपदेश केला तो अप्रमादाचा, म्हणजे गाफील न राहण्याचा. कॅसेट, डिस्क, पेन ड्राइव्ह, सारेच अनित्य आहे. म्हणूनच गाफील राहता कामा नये. वाचकांनी येत्या रविवारी घरातली पेटी उघडून पाहावी, एवढीच विनंती.

जय भीम!